उडत्या तबकड्यांची साक्ष

शके १९४४ च्या वर्षप्रतिपदेची, म्हणजे २ एप्रिल २०२२ ची, संध्याकाळ जालन्यांतील पुष्कळांच्या स्मरणांत असेल. गुढ्या उतरून झाल्या होत्या, घरोघर पानें मांडण्याची तयारी चालली होती, आणि पावणेआठाच्या सुमारास गच्चीवरून मुलांच्या हाका ऐकूं आल्या. आम्ही वर जाऊन पाहतों तों उत्तरेकडील आकाशांतून तेजाचे कांहीं गोळे, मागें लांब शेपट्या ओढीत, एका ओळीनें पश्चिमेकडून पूर्वेकडे चालले होते. आवाज नव्हता, घाईहि नव्हती. उल्का आम्हीं आयुष्यांत पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या पापणी लवते न लवते तोंच नाहींशा होतात. हें दृश्य मात्र एका मुलानें खालीं धांवत जाऊन स्वयंपाकघरांतून आईला वर आणावें इतका वेळ टिकलें.

सोमवारीं आमच्या महाविद्यालयांत शिक्षकांच्या खोलींत दुसरा विषय नव्हता. एका सहकाऱ्यांनीं तें तेज घाणेवाडीच्या तलावावरून, विजेच्या खांबाच्या फार तर दुप्पट उंचीवरून, जातांना पाहिलें होतें. दुसऱ्यांना त्याची फरफर स्पष्ट ऐकूं आली होती. तिसरे गृहस्थ गणिताचे अध्यापक, शब्द तोलून बोलणारे. त्यांनीं एकच लांबट काळसर यान आणि त्याच्या अंगास ओळीनें उजळलेल्या खिडक्या पाहिल्या होत्या, व त्या खिडक्या मोजल्याहि होत्या. चौथ्यांच्या अंबड तालुक्यांतील आप्तांनीं दूरध्वनीवरून शपथेवर सांगितलें होतें कीं, ती वस्तु त्यांच्या शिवारापलीकडच्या ओढ्यांत पडली. यांपैकीं एकहि मनुष्य थापाड्या नव्हे, हें येथें मुद्दाम नमूद करून ठेवतों.

त्या रात्रीं वर काय होतें हें पुढें कळलें. पहिल्या कांहीं तासांत जाणत्या मंडळींनींहि त्याच दिवशीं न्यूझीलंडमधून सुटलेल्या एका अग्निबाणाकडे बोट दाखविलें होतें. तो तर्क मागें पडला. हार्वर्ड येथील ज्योतिर्विद जोनाथन मॅक्डॉवेल यांनीं दिलेला उलगडा पुढें सर्वमान्य झाला : फेब्रुवारी २०२१ मध्यें चीननें उडविलेल्या 'लाँग मार्च ३ बी' जातीच्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोंवतीं फिरत राहून त्या सायंकाळीं वातावरणांत शिरला आणि जळत जळत फुटला. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी येथें सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें कडें पडलें, आणि पवनपारच्या बाजूस धातूचा एक गोळा सांपडला. सिंदेवाही जालन्याहून सरळ रेषेंत चारशें किलोमीटरांच्या घरांत आहे.

हा प्रसंग आठवण्याचें कारण असें कीं, एका स्नेह्यांनीं अलीकडे उडत्या तबकड्यांवरील जुन्या इंग्रजी पुस्तकांचा व त्यांतील प्रसिद्ध छायाचित्रांच्या प्रतींचा एक गठ्ठाच आमच्याकडे पाठविला, आणि सोबत 'निःपक्षपातीपणें अभिप्राय द्यावा' अशी चिठ्ठी जोडली. आम्ही साहित्याचे अध्यापक; पदार्थविज्ञानाचा आमचा अभ्यास इंटरच्या वर्गांतच संपला. पण साक्ष कशी वाचावी, वर्णनांत डोळ्यानें पाहिलेलें किती आणि मनानें घातलेलें किती, हें तपासणें हा टीकाकाराचाच धंदा आहे. शिवाय पाडव्याच्या त्या संध्याकाळीनें आमच्या हातीं एक कसोटी दिली आहे. ज्या घटनेचें उत्तर ठाऊक आहे तिच्यावर साक्षीदारांची परीक्षा घेतां येते. आणि ती एकदां घेतली म्हणजे, ज्यांचें उत्तर ठाऊक नाहीं अशा जुन्या साक्षींचें वजन करणें सोपें जातें.

तर आमच्या चार साक्षीदारांकडे पुन्हां पाहूं. दिशा, रंग, क्रम आणि साधारण किती वेळ दिसलें, या गोष्टी चौघांनींहि बरोबर सांगितल्या. चुकलें तें अंतर, उंची आणि आकार. यांत नवल नाहीं. मनुष्याचा डोळा आकाशांत फक्त कोन मोजतो. हात लांब करून करंगळीचें नख डोळ्यासमोर धरलें तर पुरा चंद्र त्याच्याआड जातो. म्हणून चंद्र नखाएवढा ठरत नाहीं. रस्त्यावरची गाडी किती दूर आहे हें आपण सांगतों तें गाडी केवढी असते हें आधीं ठाऊक असतें म्हणून. अनोळखी प्रकाशाचें माप आधीं ठाऊक नसतें. तेव्हां अंतर कळत नाहीं, आणि अंतर कळल्यावांचून आकारहि कळत नाहीं व वेगहि कळत नाहीं. तबकड्यांच्या पुस्तकांत ताशी अमुक हजार मैलांचे जे वेग दिलेले असतात, त्यांपैकीं बहुतेक या एकाच ठिकाणीं गळून पडतात. राहिली ती फरफर. शंभर किलोमीटरांवरचा आवाज जालन्यास पोंचावयाला पांच मिनिटें लागलीं असतीं, आणि तोंवर वरचा खेळ आटोपला होता. आमच्या सहकाऱ्यांनीं जी ऐकली ती बहुधा गुढीवरून नुकत्याच उतरलेल्या वस्त्राची असावी.

गणिताच्या अध्यापकांच्या खिडक्या मात्र अधिक मोलाच्या आहेत, कारण त्यांना इतिहास आहे. ३ मार्च १९६८ च्या रात्रीं रशियाच्या झोंड-४ या यानाच्या उड्डाणाचे अवशेष अमेरिकेच्या कांहीं संस्थानांवरून असेच जळत गेले. त्या देशाच्या हवाईदलानें कोलोरॅडो विद्यापीठांत एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखालीं तबकड्यांची जी चौकशी चालविली होती, तिच्यापुढें या घटनेचीं पत्रें आलीं. बहुतेकांनीं जें दिसलें तेंच लिहिलें. पण कांहींनीं विडीच्या आकाराचें यान, त्याला चौकोनी खिडक्या, इतकेंच काय, पत्रे जोडणारे रिवेटहि पाहिले होते. ओहायो संस्थानांतील एका शिक्षिकेनें दुर्बिणींतून तीन उपड्या बशा पाहिल्या, आणि आपला कुत्रा भेदरून कण्हत होता अशीहि नोंद केली. तीन सुटे दिवे एका चालीनें गेले कीं मन त्यांच्यामधल्या काळोखाचें एक शरीर बनवितें. जालन्याचे गणितज्ञ आणि ओहायोची शिक्षिका यांच्यांत चोपन्न वर्षांचें अंतर आहे, आणि चूक एकच आहे. त्या शिक्षिकेच्या पत्रामागचें खरें कारण कळलें नसतें, तर 'सुशिक्षित, जबाबदार, दुर्बिणीनें पाहणारी साक्षीदार' म्हणून तिचें नांव आमच्या गठ्ठ्यांतील प्रत्येक पुस्तकांत झळकलें असतें.

आमच्याच जिल्ह्यांतील जांब गांवीं जन्मलेल्या समर्थांनीं दासबोधाच्या दहाव्या दशकांत एक समास भ्रमनिरूपणाला दिला आहे आणि पुढें दोनच समासांनीं प्रचीतनिरूपणाला. भ्रमाचे जे प्रकार त्यांनीं सांगितले ते वेड्यांचे नव्हेत. धडधाकट माणसाला रोज होणारे आहेत. भ्रमाचा खुलासा आधीं आणि प्रचीतीची मागणी मागाहून, हा क्रम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. तबकड्यांचे ग्रंथकार तो उलटा करतात.

या सबंध वाङ्मयाचा उगम तर एका उपमेंत आहे. २४ जून १९४७ रोजीं केनेथ अर्नोल्ड नांवाचा अमेरिकन वैमानिक वॉशिंग्टन संस्थानांतील रेनिअर पर्वताजवळून आपलें लहान विमान नेत असतां त्याला नऊ चकाकत्या वस्तू जातांना दिसल्या. पाण्यावरून बशी भिरकावली असतां ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या, असें तो म्हणाला. उपमा गतीची होती. त्यानें स्वतः काढलेलें चित्र बशीचें नाहीं. पुढें गोल आणि मागें निमुळत्या अशा टांचेसारख्या आकाराचें आहे. वर्तमानपत्रांनीं गतीची उपमा आकाराला लावली, 'उडती बशी' असा शब्द बनला, आणि काय आश्चर्य, त्यानंतर लोकांना आकाशांत बशाच दिसूं लागल्या. आमच्या आलंकारिकांनीं 'आहे कीं नाहीं' या दोलायमान स्थितीला ससंदेह म्हटलें, सादृश्यामुळें एकाला दुसरेंच समजण्याला भ्रांतिमान म्हटलें. पण बातमीदाराच्या चुकलेल्या उपमेंतून उपमेयच जन्माला येतें, हा अलंकार त्यांच्या स्वप्नांतहि आला नसेल. परग्रहावरच्या कारागिरांनीं आपल्या यानांचा आकार अमेरिकन वार्ताहराच्या शब्दावरून ठरविला असें मानावयाचें नसेल, तर या एका गोष्टीचा उलगडा तबकडीवाद्यांनीं करावयास हवा. आमच्या वाचनांत तो कोणी समाधानकारक रीतीनें केलेला नाहीं.

गठ्ठ्यांतील सर्वांत झिजलेलें पुस्तक म्हणजे डेस्मंड लेस्ली व जॉर्ज अ‍ॅडम्स्की यांचें १९५३ चें 'फ्लाइंग सॉसर्स हॅव लँडेड'. अ‍ॅडम्स्की कॅलिफोर्नियांत पालोमार पर्वताच्या उतारावर, एका उपाहारगृहाच्या आश्रयानें राहत असे. वरच्या जगप्रसिद्ध वेधशाळेशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता, पण तसा समज झाला तर तो दूर करण्याची त्याला घाई नसे. २० नोव्हेंबर १९५२ रोजीं वाळवंटांत शुक्रावरचा एक मनुष्य आपल्याला भेटला, असें तो सांगतो. पाहुण्याचे केस लांब, सोनेरी, कांति नितळ, भाषण खुणांनीं आणि मनोमन. कादंबरी म्हणून पाहिलें तर हें पात्र अगदींच निर्जीव आहे. शुक्रावरून एवढा प्रवास करून आलेल्या गृहस्थाला पृथ्वीवरच्या मनुष्याला सांगण्यासारखें, अणुबाँब वाईट, याहून कांहीं सुचूं नये, हें लेखकाचें दारिद्र्य आहे. आणि शुक्र तरी कसा? १९६२ मध्यें मरिनर-२ हें यान त्या ग्रहाजवळून गेलें, पुढें रशियाचीं यानें त्याच्या पृष्ठावर उतरलीं; तेथील उष्णता ४६० अंशांच्या आसपास निघाली. शिसें जेथें पातळ होतें तेथें सोनेरी केस कसे टिकले, हा प्रश्न विचारण्यापूर्वींच १९६५ मध्यें अ‍ॅडम्स्की निवर्तला. १३ डिसेंबर १९५२ चीं म्हणून दिलेलीं त्याचीं छायाचित्रें पाहतांना आमच्या घरांतील मंडळींनीं एकमुखानें 'हें तर दिव्याचें टोपण आहे' असें म्हटलें. परदेशांतील टीकाकारांनींहि तेंच म्हटलें होतें. खालचे तीन गोल विजेचे दिवे असावेत एवढी त्यांची भर.

याच पुस्तकाच्या पूर्वार्धांत लेस्लीनें आपल्या पुराणांतील विमानें साक्षीला बोलावलीं आहेत, आणि हा भाग वाचून आमच्याकडील कित्येकांना भरून येतें. त्यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ मध्यें 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाची केलेली तपासणी अवश्य वाचावी. ग्रंथाची संस्कृत भाषा अर्वाचीन, तो १९०४ च्या अलीकडचा, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा त्यांचा निर्णय आहे. पुष्पक विमान कवीच्या प्रतिभेंत उत्तम उडतें. त्याला यंत्रशाळेंत ओढून आणणाऱ्यांनीं कवीचाहि मान राखला नाहीं आणि यंत्रज्ञाचाहि.

अ‍ॅडम्स्कीसारखे लेखक हातावेगळे करणें सोपें असतें. खरी अडचण मॅक्मिनव्हिलच्या छायाचित्रांची आहे, आणि तेथें आम्ही थोडे थांबलों. ऑरेगॉन संस्थानांतील एका शेतकऱ्यानें, पॉल ट्रेंट यानें, ११ मे १९५० रोजीं आपल्या वाड्यांतून दोन चित्रें घेतलीं. त्यांत वर मधोमध उंचवटा असलेली, एका बाजूस किंचित् कललेली बशी आहे. खालीं शेत, कडेला घराची वळचण, आणि माथ्यावर विजेच्या तारा. त्यानें पैसा मागितला नाहीं, प्रसिद्धीची हौस दाखविली नाहीं. फिल्म पुरी होईपर्यंत ती धुवावयासहि दिली नाहीं. काँडन मंडळांतील विल्यम हार्टमन यांनीं बशीच्या खालच्या बाजूचा काळेपणा मोजला, तो जवळच्या वस्तूंच्या सांवलीहून फिका निघाला. आणि मधल्या हवेच्या धुरकटपणामुळें दूरची वस्तु फिकी दिसते या न्यायानें ती दूर, म्हणून मोठी, असावी असा त्यांनीं अंदाज केला. हा युक्तिवाद आम्हांला मनापासून आवडला, कारण छायाचित्राकडून अंतराची साक्ष काढण्याचा तो प्रामाणिक यत्न होता. पण भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असला तरी काळें फिकें दिसतेंच. पुढें रॉबर्ट शेफर यांनीं वळचणीच्या सांवल्यांवरून दाखविलें कीं, सूर्य पूर्वेस असावा. ट्रेंट तर संध्याकाळची वेळ सांगत होता. ढगावरून परावर्तन पावलेल्या उजेडाच्या त्या सांवल्या, असा प्रतिपक्षाचा खुलासा आहे. हार्टमन यांनीं मात्र आपलें पूर्वीचें अनुकूल मत सोडलें. २०१३ मध्यें फ्रेंच तपासनिसांनीं वरच्या तारेपासून बशीपर्यंत धाग्याच्या खुणा लागतात असें जाहीर केलें.

धागा होता किंवा नव्हता, आमचा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. कॅमेराहि एकाक्ष साक्षीदार आहे. हातभर रुंदीची वस्तु वीस हातांवर टांगली काय, किंवा शंभर हात रुंदीची दोन हजार हातांवर तरंगली काय, कांचेवर ठसा एकच उमटतो. पाडव्याच्या रात्रीं जालन्यांत घेतलेलीं चित्रें आजहि लोकांच्या भ्रमणध्वनींत आहेत. त्यांतील एकहि चित्र पाहून 'ही वस्तु चारशें किलोमीटर पलीकडे जाऊन पडणार' असें कोणाला सांगतां आलें नसतें. तें लाडबोरीच्या कड्यानें सांगितलें. छायाचित्र खोटें नसेल, तरी तें मुकें असतें. त्याच्या तोंडीं शब्द आपण घालतों.

चुकीच्या साक्षीची किंमत कधीं कधीं प्राणानें मोजावी लागते. ७ जानेवारी १९४८ रोजीं केंटकी संस्थानांत कॅप्टन थॉमस मँटेल हा तरुण वैमानिक आकाशांतील एका चकाकत्या वस्तूच्या मागें लागला. जवळ प्राणवायु नसतां उंच उंच चढत गेला, बेशुद्ध झाला, आणि विमानासह कोसळून मेला. अधिकाऱ्यांनीं आधीं सांगितलें, तो शुक्र होता. तेंहि घाईचेंच उत्तर. पुढें संभव दिसला तो नौदलाच्या 'स्कायहुक' या फुग्याचा. ती योजना गुप्त असल्यामुळें मँटेलला असा फुगा असतो हेंच ठाऊक नव्हतें. १९४७ च्या रॉसवेल प्रकरणाच्या मुळाशींहि असेच गुप्त फुगे होते, हें अमेरिकन हवाईदलानें १९९४ च्या अहवालांत सांगितलें. म्हणजे तबकड्यांच्या कथेला पाणी घालणाऱ्यांत भाबडे लोक जितके, तितकेच सत्य लपविणारे सरकारी कारभारीहि आहेत. या बाबतींत आपल्याकडील रीत अनुकरणीय आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रावरून संशोधनाचे प्रचंड फुगे सुटतात; पन्नास ते पंचाऐंशी मीटर व्यासाचे, तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जाणारे. खालीं दिवेलागण झाली तरी त्या उंचीवर ऊन असतें, आणि फुगा एकाद्या स्थिर दीपासारखा झळकतो. हीं यंत्रें छत्रीनें खालीं येतात. तीं सांपडल्यास उघडूं नयेत, कळवावें, अशी सूचना संस्था आधींच प्रसिद्ध करते. ज्याला आधीं सांगितलेलें आहे त्याला तबकडी दिसत नाहीं.

स्नेह्यांच्या चिठ्ठींत एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. अमेरिकन हवाईदलाच्या 'ब्लू बुक' खात्यानें १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या. त्यांतील ७०१ चा उलगडा झाला नाहीं. त्या ७०१ चें काय? खात्याचे सल्लागार ज्योतिर्विद अ‍ॅलन हायनेक आरंभीं शंकेखोर होते. १९६६ मध्यें मिशिगनमधील एका दर्शनाला 'दलदलीचा वायु' म्हणून त्यांनीं लोकांचा उपहासहि ओढवून घेतला. आणि अखेरीस या शिल्लक नोंदींचा गंभीर अभ्यास व्हावा असें तेच म्हणूं लागले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांला आदर आहे. पण शिल्लक म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. कोणत्याहि जिल्ह्याच्या पोलिसांच्या दप्तरीं कांहीं चोऱ्यांचा तपास लागत नाहीं. म्हणून त्या चोऱ्या पिशाच्चांनीं केल्या असें आपण म्हणत नाहीं. अठरांतील सतरा प्रकरणें तारे, ग्रह, विमानें, फुगे व लबाड्या यांत निकालीं निघालीं असतां, अठरावें अपुऱ्या माहितीमुळें अडलें असा कयास करणें न्यायाचें होय. पाडव्याच्या रात्रीची वस्तु समुद्रांत पडली असती आणि अग्निबाणांच्या कक्षांची नोंद कोणी ठेवीत नसतें, तर जालन्याची ती नोंद या ७०१ च्या शेजारीं जाऊन बसली असती. खिडक्यांसह.

याच्या उलट बाजूची एक गोष्ट आमच्या पक्षाच्या लोकांनींहि विसरूं नये. अठराव्या शतकांत आकाशांतून दगड पडतात असें खेडूत सांगत, आणि विद्वान् हंसत. फ्रान्समध्यें ल्युसे येथें १७६८ मध्यें पडलेला दगड विज्ञान अकादमीच्या समितीनें तपासला. समितींत लाव्हाझिएसारखा रसायनज्ञ होता. निर्णय दिला कीं, साधा दगड, फार तर विजेचा तडाखा बसलेला. २६ एप्रिल १८०३ रोजीं लेगल येथें हजारों दगडांचा वर्षाव झाला, तेव्हां झां बातिस्त बिओ हा तरुण शास्त्रज्ञ स्वतः गांवोगांव फिरला, दगड गोळा केले, कोठें पडले याचा नकाशा केला, लोकांना विचारलें. आणि विद्वानांचें हंसें थांबलें. खेडूत बरोबर होते. मात्र त्यांची बाजू सिद्ध झाली ती त्यांच्या शपथेनें नव्हे. हातांत धरतां येणाऱ्या दगडांनीं.

आम्हां जालनेकरांस यासाठीं फ्रान्सला जाण्याचें कारण नाहीं. मंठ्यावरून पुढें बुलढाणा जिल्ह्यांत शिरलें कीं लोणारचें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर लागतें. पुराणकथेप्रमाणें तें लवणासुराचें बीळ. भूशास्त्रज्ञांपैकीं पुष्कळांच्या मतें दीर्घकाळ तो ज्वालामुखीचा खड्डा होता, आणि आजूबाजूस सर्व लाव्हाचाच काळा दगड असल्यामुळें तें मत वेडगळ नव्हतें. १९७३ मध्यें भारतीय व अमेरिकन संशोधकांनीं तेथील खोदकामांतून प्रचंड आघातानेंच होतील असे खडकांतील बदल, कांचेसारखीं झालेलीं खनिजें, दाखविलीं. आणि तो खड्डा आकाशांतून आलेल्या पाहुण्याचा ठरला. त्या आघाताला मनुष्य साक्षीदार नव्हता, छायाचित्र नव्हतें, तरी शास्त्रज्ञांनीं मत बदललें.

गठ्ठा आम्ही परत पाठवीत आहों, आणि स्नेह्यांना एवढेंच सुचवीत आहों कीं, पुढच्या खेपेस त्यांनीं पुस्तकांऐवजीं लाडबोरीच्या कड्याकडे पहावें. तें कडें पोलीस ठाण्यांत नेऊन ठेवलें गेलें, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. तें गांवाजवळ मोकळ्या जागेंत पडलें म्हणून कोणाला इजा झाली नाहीं. पांचपन्नास हात इकडे तिकडे झालें असतें तर माणसें होतीं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें अवकाशांतून पडलेल्या वस्तूनें जमिनीवर नुकसान झालें तर तें उडविणाऱ्या राष्ट्रानें भरून द्यावयाचें असतें. १९७८ च्या जानेवारींत रशियाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागांत कोसळला, तेव्हां कॅनडानें तुकडे वेंचले, खर्चाचा हिशेब केला, आणि १९८१ मध्यें तीस लक्ष डॉलर वसूल केले. लाडबोरींत कोणाचें छप्पर गेलें असतें, तर त्याच्याहि अर्जावर कोणातरी राष्ट्राचें नांव घालावें लागलें असतें. शुक्रावरच्या सोनेरी केसांच्या गृहस्थाचा पत्ता त्यावर चालला नसता.